शिपायाचे वंशज आणि वहींतील नांवें

आमच्या एका उपदेशक बंधूंचें पत्र आलें आहे. त्यांच्या मंडळीची बाप्तिस्म्याची जुनी वही वाळवीनें खाल्ली असून ते ती नव्या वहींत उतरून घेत आहेत. सुस्थितीस आलेल्या एका घराण्यानें त्यांस विनंती केली आहे कीं, आजोबांच्या नांवापुढें जी जात लिहिली आहे ती गाळावी आणि हल्लीं चालतें तें आडनांव घालावें. नातवंडें आतां शहरांत मोठ्या हुद्द्यांवर आहेत. असें करण्यांत पाप आहे काय, असें बंधु विचारितात. उत्तर देण्यापूर्वीं आम्हांस वाचकांस बरेंच दूर, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, न्यावयाचें आहे; कारण हाच प्रश्न तेथें फार मोठ्या प्रमाणावर उपस्थित झालेला आहे.

अमेरिकेंत पूर्वजांच्या नांवानें चाललेल्या संस्था पुष्कळ आहेत. त्यांत ‘अमेरिकन क्रांतीचे पुत्र’ ही १८८९ सालीं निघालेली आणि ‘अमेरिकन क्रांतीच्या कन्या’ ही १८९० सालीं निघालेली, अशा दोन विशेष प्रसिद्ध आहेत. इंग्लंडाविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धांत ज्याच्या पूर्वजानें लढून किंवा अन्य रीतीनें साह्य केलें, व जो हें पिढीमागून पिढी कागदोपत्रीं सिद्ध करूं शकतो, त्यासच तेथें प्रवेश. हे पूर्वज इंग्रजी बोलणारेच असावयाचे असें कोणासहि वाटेल. परंतु स्पेनच्या राजानेंहि १७७९ सालीं इंग्लंडाशीं युद्ध पुकारिलें होतें. लुइझियानाचा गव्हर्नर बर्नार्दो दे गाल्वेस यानें त्याच सालीं इंग्रजांपासून बॅटन रूज घेतलें, १७८० सालीं मोबील घेतलें आणि १७८१ सालीं पेन्साकोला घेतलें. म्हणून त्या काळच्या स्पॅनिश शिपायांच्या वंशजांसहि या संस्थांचें दार उघडें झालें आहे. याखेरीज कॅलिफोर्नियांत ‘लोस कालिफोर्नियानोस’ नांवाची निराळी संस्था आहे. अमेरिकेचें राज्य होण्यापूर्वीं स्पेन व मेक्सिको यांच्या अमलांत त्या प्रांतीं आलेल्या घराण्यांचे वंशज तिचे सभासद होतात.

आतां कॅलिफोर्नियांतील शिपायानें इंग्रज डोळ्यांनीं पाहिलाहि नसेल. पेन्साकोला त्याच्यापासून सुमारें दोन हजार मैल दूर. तो हरणाच्या कातड्याचे थरावर थर शिवलेला अंगरखा घालून मॉन्टेरे किंवा सान दिएगो येथील ठाण्यावर पहारा करी, डाक नेई, गुरें हांकी. मग युद्धाशीं त्याचा संबंध कोणता? राजा तिसरा कार्लोस यानें १७८० सालीं हुकूम काढिला कीं, युद्धखर्चासाठीं अमेरिकेंतील प्रत्येक स्पॅनिश माणसानें दोन पेसो व प्रत्येक मूळ रहिवाशानें एक पेसो द्यावा. नांव मात्र ‘देणगी’ असें होतें! शिपायांनीं दिलें, आणि मूळ रहिवाशांच्या वतीनें रोमन कॅथोलिक मिशनांनीं दिलें. शिपायाचें नांव ठाण्याच्या हजेरीपटांत आहे, म्हणून त्याच्या वंशजास आज देशभक्ताचा वंशज म्हणतां येतें. मूळ रहिवाशाचा पेसो मिशनाच्या नांवावर एकत्र रकमेंत पडला. तो कोणाचा हें त्या रकमेवरून कोणी सांगूं शकणार नाहीं. मोठा हिस्सा त्याचा नसेलहि, परंतु ज्या जमिनीवर ठाणें उभें होतें ती त्याचीच होती.

शोध करण्याची रीत अशी आहे. मनुष्य स्वतःपासून आरंभ करितो. आपला जन्मदाखला, आईबापांचा विवाहदाखला, आजोबांचा मृत्युदाखला, असें एकेक पाऊल मागें जात तो मिशनांच्या वह्यांपर्यंत पोहोंचतो. कॅलिफोर्नियांत अशीं एकवीस मिशनें होतीं. १७६९ पासून १८५० पर्यंतच्या त्यांच्या वह्यांतील नोंदी हंटिंग्टन ग्रंथालयानें एकत्र करून २००६ सालीं सर्वांस शोधण्यास खुल्या केल्या. त्यांत एक लाखाहून अधिक बाप्तिस्मे आहेत. त्यांपैकीं बहुतेक मूळ रहिवाशांचे आहेत, आणि शिपायांचीं कुटुंबें त्यांत थोडीं. सान दिएगो येथील पहिली वही तर १७७५ सालच्या बंडांत मिशनासह जळाली. पुढें हुनीपेरो सेर्रा नामक वृद्ध पाद्र्यांनीं पाद्री व शिपाई यांच्या आठवणीवरून ती पुन्हां लिहून काढिली. जळालेली वही स्मरणानें लिहितांना ज्याचें नांव कोणास आठवलें नाहीं त्याचें काय झालें असेल, हा विचार आमच्या मनांतून जात नाहीं.

हे स्पॅनिश शिपाई व त्यांच्याबरोबर आलेले वसाहतवाले कोण होते हेंहि पाहूं. लॉस एंजल्स हें आजचें अफाट शहर १७८१ सालीं चव्वेचाळीस माणसांनीं वसविलें. अकरा पुरुष, अकरा स्त्रिया, बावीस मुलें. त्या वर्षाची यादी उपलब्ध आहे, आणि तींत प्रत्येक पुरुषाच्या नांवापुढें त्याची जात आहे. अकरांत स्पॅनिश म्हणून लिहिलेले दोनच. चार मूळ रहिवासी, दोन आफ्रिकी वंशाचे, दोन गोरे-आफ्रिकी मिश्र, आणि एक गोरे-रहिवासी मिश्र. म्हणजे ज्यांस आज अभिमानानें स्पॅनिश पूर्वज म्हणतात त्यांतील बहुतेक मेक्सिकोच्या उत्तर भागांतील गरीब लोक होते. कर्ज, दुष्काळ आणि जातीचा डाग मागें टाकून ते अन्न, गुरें व जमीन यांच्या आशेनें आले.

या जातीस ते ‘कास्ता’ म्हणत. हाच शब्द पोर्तुगीजांनीं गोव्याकडे आणिला, आणि त्यावरून इंग्रजांनीं आपल्या जातिभेदास नांव दिलें. तेव्हां हें प्रकरण आपणांस अगदींच परकें आहे असें नाहीं. त्याचें मूळ आणखी मागें आहे. १४४९ सालीं स्पेनांतील तोलेदो शहरानें ठराव केला कीं, यहूदी वंशांतून ख्रिस्ती झालेल्या कोणासहि शहरांत हुद्दा मिळूं नये. बाप्तिस्मा झाला असला तरी रक्त शुद्ध नाहीं! पोप पांचवा निकोलस यानें त्याच वर्षीं या ठरावाचा निषेध केला, तरी रक्तशुद्धीची कल्पना हटली नाहीं. ती सबंध साम्राज्यांत पसरली, आणि हुद्द्यासाठीं अर्ज करणारास आपल्या पूर्वजांची शुद्धता साक्षीपुराव्यानें सिद्ध करावी लागे. वंशावळीची वही प्रथम कोणाला बाहेर ठेवण्यासाठीं उघडली गेली, हें नवख्रिस्ती माणसानें विसरूं नये.

नऊ वर्षांनीं, १७९० सालीं, लॉस एंजल्सची शिरगणती झाली. तेव्हां पहिल्या यादींतील कांहीं माणसांची जात बदललेली आढळते, आणि ती बदलली ती वरच्याच दिशेनें. पूर्वीं जो आफ्रिकी रक्ताचा तो आतां निराळ्या मिश्र जातीचा लिहिला गेला. माणूस तोच, कातडीहि तीच. कारकुनाची लेखणी तेवढी सौम्य झाली.

यास खोटेपणा म्हणावें काय? आम्हीं या प्रश्नावर बराच विचार केला. जातीचा रकाना त्या माणसानें मागितला नव्हता. तो त्याच्यावर लादला गेला होता. दुसऱ्यानें कपाळीं मारिलेला शिक्का संधि मिळतांच त्यानें पुसून घेतला, तर आम्ही त्यास दोष देण्यास धजत नाहीं. पण आज त्याचा वंशज १७९० सालचा कागद दाखवितो आणि १७८१ सालचा पेटींत ठेवितो, तें निराळें आहे. त्याच्यावर शिक्का कोणी मारीत नाहीं. तो केवळ शोभेसाठीं आपल्या आजीस घराबाहेर घालवितो.

आणि शोभा तरी कसली? १७७२ सालीं सान दिएगो येथील पाद्री लुईस हायमे यांनीं वरिष्ठांस पत्र लिहून कळविलें कीं, शिपाई मूळ रहिवाशांच्या स्त्रियांवर बलात्कार करीत आहेत. १७७१ सालीं सान गाब्रिएल मिशनाजवळ एका नायकाच्या पत्नीवर अत्याचार झाला, आणि दाद घेण्यास आलेल्या त्या नायकासच शिपायांनीं ठार मारिलें. हायमे स्वतः १७७५ सालच्या त्या बंडांत मारले गेले. सर्वच शिपाई असे नव्हते. मानुएल बुत्रोन नामक शिपायानें १७७३ सालीं मार्गारीता या मूळ रहिवासी मुलीशीं मिशनांत रीतसर लग्न केलें, आणि १७७५ सालीं त्या जोडप्यास मिशनाजवळ जमिनीचा एक तुकडा मिळाला. कॅलिफोर्नियांत खासगी माणसास मिळालेली ही पहिली जमीन असें सांगतात. ती मिळण्यास कारण बायको, हेंहि सांगितलें पाहिजे.

आठ पिढ्या मागें गेलें तर प्रत्येकास दोनशें छपन्न पूर्वज असतात. त्यांतून अंगरखा घातलेला एक शिपाई निवडून त्याचें नांव भिंतीवर टांगणें, हें पूर्वजांस मान देणें कीं दोनशें पंचावन्नांचा अपमान करणें? पूर्वज शोधणें वाईट असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. मातापितरांस मान देण्याची आज्ञा आपणांस आहेच. आणि जो मनुष्य वर्षानुवर्षें जुन्या नोंदी वाचीत बसतो, त्यास बहुधा तेथें आपल्या अपेक्षेपेक्षां गरीब, सांवळीं आणि दुःखी माणसें भेटतात. लॉस एंजल्सच्या त्या कुटुंबांचे कांहीं वंशज आज आपल्या आफ्रिकी पूर्वजांचीं नांवें उघडपणें घेतात, यास कारण हीच चिकाटी. मत्तयाच्या पहिल्या अध्यायांत तामार, राहाब, रूथ व उरीयाची पत्नी यांस गाळलेलें नाहीं, हें वाचकांस ठाऊक आहे. उलट एज्राच्या दुसऱ्या अध्यायांत, बाबेलाहून परत आलेल्या कांहीं याजकांस त्यांचें नांव वंशावळींत सांपडेना म्हणून बाजूस करण्यांत आलें. वहीचे हे दोन उपयोग शास्त्रांतच आहेत.

दुसऱ्या उपयोगाचें एक अर्वाचीन उदाहरण देतों. १९३९ सालीं वर सांगितलेल्या ‘कन्या’ संस्थेनें वॉशिंग्टन येथील आपलें सभागृह मारियन अँडरसन या थोर गायिकेस दिलें नाहीं, कारण ती कृष्णवर्णी होती. राष्ट्राध्यक्षांची पत्नी एलेनॉर रूझवेल्ट हिनें त्या संस्थेचा राजीनामा दिला, आणि अँडरसन बाई पुनरुत्थानाच्या रविवारीं लिंकनच्या स्मारकाच्या पायऱ्यांवर उभी राहून पाऊण लाख लोकांसमोर गायिली. क्रांतीच्या युद्धांत कृष्णवर्णी शिपाईहि लढले होते. तरी त्या संस्थेंत ज्ञात असलेली पहिली कृष्णवर्णी सभासद येण्यास १९७७ साल उजाडलें.

आतां आमच्या बंधूंच्या वहीकडे येऊं. आमचें मत असें आहे. जुन्या पानावर जें आहे तें अक्षरशः उतरावें. आजोबांचें नांव ज्या रूपानें त्यांनीं पाण्याखालीं ऐकिलें त्याच रूपानें असावें, आणि हल्लींचें आडनांव पाहिजे तर समासांत तारीख घालून टिपावें. जातीची नोंदहि तशीच उतरावी. ती पुसली म्हणजे त्या माणसानें काय सोसलें याचा एकच राहिलेला लेख पुसला जातो. शिवाय आजकाल सरकारी दाखल्यासाठीं पणजोबांचा कागद शोधीत फिरणारे थोडे नाहींत. परंतु येथून पुढें होणाऱ्या बाप्तिस्म्यांसाठीं तो रकाना आंखूंच नये. त्या घराण्यास हें रुचणार नाहीं हें आम्ही जाणतों. बंधूंनीं त्यांच्या घरीं जाऊन, वही बरोबर नेऊन, शांतपणें बोलावें.

पत्रांत आणखी एक गोष्ट त्यांनीं सहज लिहिली आहे, कीं त्याच पानावर आजोबांच्या पत्नीचें नांव नाहीं. नुसतें ‘याची बायको’ एवढेंच आहे. तिला ओळखणारी एक म्हातारी त्या गांवीं अद्याप आहे म्हणतात. बंधूंनीं पाऊस लागण्यापूर्वीं तिच्याकडे जाऊन यावें.