यंत्राचे आयुष्य कोणाच्या मुठीत?

जुनी गाडी जास्त टिकते की नवी, कॉम्प्युटर असलेली, हा वाद पिंपरी-चिंचवडच्या गॅरेजांत चहाबरोबर हमखास निघतो. या वादावर आमच्या शहराचा हक्कच आहे म्हणा. १९७२ साली आलेली बजाजची चेतक आकुर्डीला बनत असे, १९९८ च्या अखेरीस टाटांची इंडिका आली ती पिंपरीच्या कारखान्यातून, आणि २००९ मध्ये चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. आपल्या कितीतरी घरांची चूल या गाड्यांवर पेटली. कोणी लाइनवर, कोणी प्रेस शॉपमध्ये, तर कोणी रस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये उस्तादाच्या हाताखाली.

जुन्याचे गुण गाणाऱ्यांना एक गोष्ट सांगितली पाहिजे. आज रस्त्यावर दिसणारी जुनी गाडी ही अनेकांतून वाचलेली एक असते. तिच्या बहिणी कधीच भंगारात जाऊन वितळल्या, त्यांची आठवण कोणी काढत नाही. जुन्या मोटारींच्या मीटरला किलोमीटरचे पाचच आकडे असत. ९९,९९९ झाले की पुन्हा शून्य. बनवणाऱ्यालाही त्यापुढची फारशी उमेद नसावी! लाखाच्या आतबाहेर इंजिन उतरवणे, बोअर करणे, रिंग-पिस्टन बदलणे हा रिवाजच होता. आजचे बरे सांभाळलेले इंजिन तेवढ्या अंतरात उघडावेही लागत नाही. याचे मोठे श्रेय कॉम्प्युटरलाच आहे. तो पेट्रोल मोजून सोडतो, त्यामुळे जादा पेट्रोलने सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन जात नाही. पत्र्याला गंजापासून वाचवणारा लेप चांगला झाला, तेल सुधारले. अमेरिकेत २०२४ साली रस्त्यावरच्या गाड्यांचे सरासरी वय १२.६ वर्षे निघाले. तिथे ते याआधी कधीच एवढे नव्हते. तेव्हा लोखंडाचा प्रश्न असेल तर नवी गाडी जिंकली, असे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. धूरही तिचा कमी.

पण टिकणे म्हणजे नुसते न झिजणे नव्हे. जुनी गाडी झिजून मरायची. नवी गाडी बहुधा टाकली जाऊन मरेल. आमच्या मते या दोन मरणांत फार मोठा फरक आहे, आणि नीतीचा सवाल तिथेच सुरू होतो.

जुन्या डिझेल गाडीचा पंप बिघडला तर तो उतरवून पंपवाल्याकडे नेत, तो टेबलावर लावून दुरुस्त करून देई. एखादा भाग मिळालाच नाही तर लेथवर घडवला जाई. आजच्या कॉमन रेल गाडीत नवा इंजेक्टर नुसता बसवून भागत नाही. अनेक मॉडेलांत त्याच्यावर छापलेला कोड गाडीच्या कंट्रोल युनिटला कळवावा लागतो. ही युनिट म्हणजे तळहाताएवढी डबी. उष्णतेने आणि हादऱ्यांनी तिच्यातला एखादा टाका सुटतो, पावसाळ्यात आत पाणी जाते, उंदीर वायरिंग कुरतडतात. बाकी गाडी ठणठणीत, पण जागची हलत नाही. नवी डबी आणली तरी पुष्कळ गाड्यांत तिची किल्लीशी ओळख करून द्यावी लागते, आणि ती करून देणारे सॉफ्टवेअर कंपनीच्या हाती. लेथवर कोड घडवता येत नाही.

मग कंपनीच निघून गेली तर? तळेगावला जनरल मोटर्सचा कारखाना २००८ मध्ये सुरू झाला. २०१७ च्या अखेरीस कंपनीने भारतात गाड्या विकणे थांबवले आणि डिसेंबर २०२० मध्ये तळेगावचे उत्पादनही बंद झाले. लोकांच्या दारातल्या शेवरोले मात्र जागच्या जागी राहिल्या. उलट पद्मिनी बनवणे थांबल्यावरही मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी ती वीसएक वर्षे चालवली. शेवटची नोंदलेली पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली ती वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे. मिस्त्रींनी तिला सोडले नव्हते. बनवणारा मागे उरला नाही तरी यंत्र चालते, कारण त्याची विद्या बाजारात पसरलेली असते.

ही विद्या अडवून ठेवली जाते, ही काही गॅरेजवाल्यांची नुसती कुरकुर नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. ठपका हाच होता की सुटे भाग, तपासणीची उपकरणे आणि दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांना खुल्या बाजारात मिळू दिली जात नाही. प्रकरण पुढे अपिलात गेले. २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, पोर्टलही काढले. कायद्याचे चाक त्याच्या गतीने फिरेल. आम्हांला प्रश्न पडतो तो व्यवहारातल्या सचोटीचा.

रसूलुल्लाहांनी बाजारातल्या धान्याच्या ढिगात हात घातला, आतले धान्य ओले लागले, तेव्हा ओले वर का ठेवले नाही असे व्यापाऱ्याला विचारले, ही हदीस आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. मालातला ऐब झाकून विकणे नाजायज, यावर दुमत नाही. ज्या गाडीची दुरुस्ती पुढे एकाच दारात होणार आहे, ते दार कधी बंद होईल हे गिऱ्हाइकाला सांगितलेले नाही, तिच्यात ऐब झाकलेला नाही काय? कंपनी म्हणेल, आम्ही खोटे काही बोललो नाही. धान्यवालाही खोटे बोलला नव्हता.

कंपन्यांची बाजू अगदीच पोकळ नाही. एअरबॅग आणि ब्रेक अडाणी हातात गेले तर जीव जाईल. किल्लीचा कोड सर्वांना मिळाला तर चोरालाही मिळेल. हे खरे आहे. पण त्यावरचा उपाय म्हणजे शिकवणे, परवाना देणे, वाजवी दाम घेणे. डॉक्टरकी धोक्याची म्हणून औषधांची नावे कोणी लपवून ठेवत नाही.

इथे एक अवघड गोष्ट येते आणि ती टाळणे बरे नव्हे. बाजारात नकली स्कॅनर मिळतात, चोरून उतरवलेले सॉफ्टवेअर मिळते, आणि आपले बरेच मिस्त्री त्यावर काम करतात. अस्सल यंत्राची किंमत छोट्या गॅरेजला झेपत नाही. ही रोजी हलाल म्हणावी की नाही? इस्लामी फिकह अकादमीने १९८८ च्या कुवेत बैठकीत असे ठरवले की लेखन, शोध, व्यापारी नाव यांवरचे हक्क हे मालमत्तेसारखे आहेत आणि त्यांवर हात टाकणे जायज नाही. आम्हांला हे पटते. दुसऱ्याची मेहनत फुकट घेणे ते फुकटच घेणे. पण त्याच फिकहमध्ये इहतिकारचाही बाब आहे, म्हणजे लोकांची गरज अडवून ठेवणे. अनेक फुकहांनी तो अन्नधान्यापुरता मानला, इमाम अबू यूसुफ यांनी मात्र जे अडवल्याने लोकांना नुकसान होते ते सारे त्यात धरले. गाडीवर पोट असलेल्या रिक्षावाल्याला, टेम्पोवाल्याला कोड अडवून ठेवल्याने नुकसान होत नाही असे कोण म्हणेल? नकल करणाऱ्याला आम्ही पाक ठरवत नाही. फक्त गुन्हा त्याच्यापासून सुरू होत नाही, एवढे म्हणतो. अडवणारा मोठा आहे आणि त्याच्याकडे वकील आहेत, म्हणून त्याला कोणी हरामचा मसला विचारत नाही.

तिकडे जुन्या गाडीचा आधारही आटतो आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने चिखली-कुदळवाडीतील हजारो भंगार गोदामे आणि शेड पाडले. बेकायदा बांधकाम, आगी, प्रदूषण ही कारणे दिली गेली. आगी लागत होत्या हे खोटे नाही. पण भंगारवाल्याच्या ढिगात हात घालून एखादा दरवाजा, एखादी डबी शोधून आणणे हासुद्धा गाडीचे वय वाढवण्याचाच धंदा आहे, हे त्या दिवसांत कोणी लिहिल्याचे आमच्या वाचनात आले नाही.

आता उरतात मिस्त्रींची मुले. उस्ताद कान लावून टॅपेटचा आवाज ओळखायचा आणि तेच कानाने शागिर्दाला द्यायचा. त्यासाठी कोणती भाषा येते हे कोणी विचारत नसे. स्कॅनर इंग्रजीत बोलतो. उर्दू शाळेतून निघालेल्या पोराला आयटीआयच्या दारात पहिली ठेच तिथेच लागते, आणि त्यात पोराचा दोष नाही, आम्हां शिकवणाऱ्यांचे काम वाढले आहे एवढेच. पी-०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरचा मिसफायर, पी-०४२० म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचे काम कमी पडते आहे. आमच्या वर्गातली दोन-तीन पोरे असे कोड वहीच्या मागच्या पानावर उर्दू लिपीत उतरवून ठेवतात आणि संध्याकाळी गॅरेजात वडिलांना वाचून दाखवतात.