मागे वळलेला स्वार

शास्त्रभाग : मार्क १०:३५-४५



फ्रान्स देशात दरवर्षी उन्हाळ्यात सायकलींची एक मोठी शर्यत होत असते. तिला 'टूर द फ्रान्स', म्हणजे फ्रान्सची फेरी, असे म्हणतात. एका वर्तमानपत्राने ती १९०३ साली सुरू केली. दोन महायुद्धांच्या काळात पडलेला खंड सोडला तर ती आजतागायत चालू आहे. ही शर्यत एका दिवसाची नव्हे. सुमारे तीन आठवडे स्वार मजल दरमजल करीत जातात, आणि सर्व मजलांचा वेळ मिळून ज्याचा सर्वांत कमी भरतो तो विजयी ठरतो. त्या हिशेबात जो आघाडीवर असेल त्याने पिवळा सदरा घालावा, असा नियम आहे. वाटेत आल्प्स व पिरेनीज हे पर्वत लागतात. पिरेनीजमधील तुर्माले नावाची खिंड तर २,११५ मीटर उंच आहे.

विजयी एकच होतो, परंतु एकट्याच्या बळाने कोणी जिंकत नाही. पुढचा स्वार वारा आपल्या छातीवर घेतो, तेणेकरून मागच्याचे श्रम पुष्कळ हलके होतात. म्हणून प्रत्येक तुकडीत एक नायक असतो, आणि बाकीचे त्याच्यासाठी वारा झेलतात, पाणी आणून देतात, प्रसंगी आपले चाकही काढून देतात. ह्या साथीदारांस फ्रेंच भाषेत 'दोमेस्तिक', म्हणजे घरगडी, म्हणतात. आरंभी हा शब्द हिणवण्यासाठी वापरीत. पुढे तेच कामाचे नाव झाले, आणि आता ते सांगण्यास कोणी लाजत नाही. नायकास मिळालेले बक्षीस साथीदारांत वाटून देण्याची चालही पडली आहे.

आता १९३४ सालची गोष्ट ऐका. त्या काळी देशादेशांच्या तुकड्या असत. फ्रान्सच्या तुकडीचा आंतोनँ मान्ये पिवळा सदरा घालून आघाडीवर होता. त्याच तुकडीत रने व्हिएत्तो नावाचा वीस वर्षांचा तरुण होता. पूर्वी हॉटेलात नोकरी केलेला हा पोर घाट चढण्यात असा तरबेज, की त्याने आल्प्समधील मजला जिंकून सर्वांस थक्क केले होते. पुढे पिरेनीजमध्ये प्वीमोरां खिंडीच्या उतारावर मान्ये पडला व त्याचे चाक मोडले. व्हिएत्तोने आपले पुढचे चाक काढून त्यास दिले, आणि मदतीच्या गाडीची वाट पाहत तो रस्त्याच्या कडेला दगडी कठड्यावर बसून रडला. इतर स्वार समोरून निघून जात होते. ते छायाचित्र आजही प्रसिद्ध आहे.

दुसऱ्याच दिवशी पोर्ते द'आस्पे खिंडीच्या उतारावर मान्येवर पुन्हा संकट आले. त्या वेळी व्हिएत्तो पुढे निघून गेला होता. हे समजताच तो मागे वळला, उतरलेली वाट उलट चढून गेला, आणि ह्या खेपेस त्याने आपली सायकलच देऊन टाकली. पॅरिसला मान्ये विजयी झाला, व्हिएत्तो पाचवा आला. घाटांच्या चढाईचे बक्षीस त्यास मिळाले खरे, पण पुढे अनेक वर्षे झटूनही ही शर्यत त्याला कधीच जिंकता आली नाही. तो थांबला नसता तर जिंकलाच असता, असेही कोणी म्हणू नये. त्याच्या देण्याची किंमत त्या हिशेबावर अवलंबून नाही.

बंधूंनो, त्याच्या अश्रूंविषयी आपण काय म्हणावे? जो रडत देतो त्याचे देणे खोटे, असे पुष्कळांस वाटते. परंतु ज्यास काही गमवावयाचे नाही त्यास रडू कशाचे येणार? डोळे भरून आले तरी हाताने चाक सोडविले, हेच मोठे.

ह्याहून मोठी गोष्ट दुसऱ्या दिवसाची. पहिल्या दिवशी मनुष्य भरात येऊन देतो. दुसऱ्या दिवशी त्यास किंमत ठाऊक असते, आणि वाट चढाची असते. आपल्या मंडळ्यांत एक वेळ धान्य देणारे, एक रात्र आजाऱ्याजवळ बसणारे पुष्कळ आहेत. पुन्हा हाक आली असता मागे वळणारे थोडे आहेत. जो उपदेशक दोन गावे चालून गेला आणि तिसऱ्यास चार डोकी मिळाली तरी पुढल्या आठवड्यास पुन्हा निघाला, त्याची गणना ह्या थोड्यांत आहे.

आणि जे पुढे आहेत, वडील, पाळक, पंच, त्यांनी स्वतःस विचारावे : मी ज्या चाकावर चाललो आहे ते कोणाचे? ते देणारा कठड्यावर बसून राहिला काय?

याकोब व योहान ह्यांनी वैभवात उजवीडावीकडची आसने मागितली, तेव्हा प्रभूने मोठेपणाची वाट सेवेकडे वळविली. आणि तो स्वतः त्या वाटेने शेवटपर्यंत गेला. व्हिएत्तोने चाक दिले, सायकल दिली. आपल्या धन्याने प्राण दिला. मग आज मागून हाक आली तर, बंधुभगिनींनो, आपण वळू ना?