दानाने हक्क फिटत नाही

जुमाची नमाज आटोपते आणि मशिदीच्या दाराशी एक गृहस्थ संकोचाने उभे असतात. हातात रुग्णालयाचे कागद, पुढे पसरलेला रुमाल. कुणाला डायलिसिसचा खर्च पेलत नाही, कुणाच्या मुलाची शस्त्रक्रिया अडली आहे. नालासोपारा, वसई, विरार येथे राहणाऱ्या आपल्यापैकी प्रत्येकाने हे दृश्य पाहिले आहे. आपण खिशात हात घालतो, जमेल ते देतो आणि समाधानाने घरी जातो. हे देणे उत्तमच आहे. अल्लाह ते स्वीकारो.

परंतु या समाधानापाशी क्षणभर थांबून एक प्रश्न विचारला पाहिजे. त्या गृहस्थांवर रुमाल पसरण्याची वेळ का आली? ज्या उपचारासाठी ते आपल्याकडे हात पसरत आहेत, तो त्यांना देणे आधीच कुणाच्या तरी अंगावर होते काय? तसे असेल, तर आपल्या सदक्याने त्या देणेकऱ्याची सुटका होते काय? सार्वजनिक आरोग्य, वृद्धांचे निवृत्तिवेतन आणि दिव्यांगांचे साहाय्य यांबाबत शासनाला जाब विचारणे हे केवळ राजकीय काम आहे की दीनी कर्तव्यही आहे, याचा विचार आपण आज करणार आहोत.

अमानत आणि तिचे धनी

कुरआनच्या सूरह अन्-निसामधील 58 व्या आयतीत अमानती ज्यांच्या त्यांच्या स्वाधीन करण्याचा आणि लोकांमध्ये न्यायाने निवाडा करण्याचा आदेश आहे. इब्ने तैमिया यांनी राज्यव्यवहारावरील आपल्या ‘अस्-सियासतुश्-शरइय्या’ या ग्रंथाची उभारणी याच आदेशावर केली. अमानत म्हणजे केवळ शेजाऱ्याने ठेवावयास दिलेला दागिना नव्हे. सत्ता हीसुद्धा अमानत आहे आणि सार्वजनिक खजिना हीसुद्धा. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी प्रत्येक माणसाला राखणदार ठरविले आणि ज्याच्या हाती जे सोपविले त्याबद्दल त्याला विचारणा होईल, असे शिकविले. त्या शिकवणीत राज्यकर्त्याचा उल्लेख आरंभीच येतो.

अमानत ठेवून घेणारा ती परत करताना उपकार करीत नसतो आणि ती मागणारा भीक मागत नसतो. महापालिकेचा मालमत्ता कर आपण भरतो, रोजच्या बहुतेक खरेदीत अप्रत्यक्ष कर भरतो. झोपडीत राहणारी विधवाही तो भरते. म्हणून रुग्णालयातील खाट, निवृत्तिवेतनाचा हप्ता आणि दिव्यांगाचे साहाय्य हे दान नसून देणे आहे.

खिलाफतीची धुरा स्वीकारताच हजरत अबू बक्र (रजि.) यांनी पहिल्याच भाषणात लोकांना सांगितले की, मी नीट वागलो तर साथ द्या, चुकलो तर मला सरळ करा. विचारणारी प्रजा ही त्यांना अडचण वाटली नाही. आपल्या पदाची ती गरज आहे, असे त्यांनी मानले.

आपल्या शहराचा हिशेब

वसई-विरार शहर महानगरपालिका 3 जुलै 2009 रोजी स्थापन झाली. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सव्वाबारा लाखांच्या घरात होती. त्यानंतर पूर्वेकडे वस्ती कशी वाढत गेली हे आपण रोज पाहतो. तरीही गंभीर रुग्णाच्या नातेवाइकांच्या तोंडी पहिला शब्द येतो तो ‘मुंबई’. वाट एकतर गर्दीच्या लोकलची, नाहीतर कोंडलेल्या महामार्गाची. 2025 च्या पावसाळ्यात आपल्याच पालघर जिल्ह्यातून मुंबईकडे निघालेली एक रुग्णवाहिका या महामार्गावर अडकली आणि आतील जखमी महिलेचा मृत्यू झाला. वाहतूक कोंडी हे तिच्या मृत्यूचे एक कारण होते. योग्य उपचार घराजवळ नव्हता, हे त्याआधीचे कारण होते.

23 एप्रिल 2021 ची पहाटही आपण विसरलेलो नाही. विरारच्या विजय वल्लभ रुग्णालयातील अतिदक्षता विभागाला आग लागली आणि कोविडचे 13 रुग्ण त्याच दिवशी दगावले. त्यात कुणाचा किती दोष, हे ठरविणे न्यायालयाचे काम आहे. आपण विचार करावा तो आपल्या सवयीचा. महाराष्ट्रात 2006 चा अग्निप्रतिबंधाचा कायदा आहे. त्यानुसार इमारतीतील अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावयाचे असते. मृतांसाठी दुआ आपण केली, मदतनिधीही गोळा केला. परंतु त्यानंतरच्या जानेवारीत आपल्या वस्तीतील रुग्णालयाचे प्रमाणपत्र पाहावयास आपल्यापैकी कितीजण गेले?

जाब विचारावयाचा तर उत्तर देणारा समोर असावा लागतो. आपल्या महापालिकेच्या निर्वाचित सभागृहाची मुदत जून 2020 मध्ये संपली. पुढे पाच वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. महामारीचा बहुतांश काळ याच अवधीत गेला. वॉर्डातील दवाखान्यात औषध नाही, हे सभागृहात उभे राहून विचारणारा निर्वाचित नगरसेवक या काळात नव्हता. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक व्हावी, असे संविधान सांगते. तरीही आपल्या बैठकांत या विलंबाची चर्चा क्वचितच झाली, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

तारुण्य घेतले, म्हातारपण टाकले

इमाम अबू यूसुफ यांच्या ‘किताबुल खराज’मध्ये एक प्रसंग नोंदलेला आहे. हजरत उमर (रजि.) यांना एक वृद्ध, अंध मनुष्य दारोदार भीक मागताना दिसला. चौकशी करता तो यहुदी असल्याचे कळले. कर, गरज आणि म्हातारपण यांनी त्याला रस्त्यावर आणले होते. उमर (रजि.) यांनी त्याला आपल्या घरी नेऊन काही दिले. परंतु ते तेथे थांबले नाहीत. त्यांनी त्याला बैतुलमालच्या खजिनदाराकडे पाठविले, त्याचा कर माफ केला आणि त्याच्यासारख्या सर्वांची सोय करावयास सांगितले. ज्याच्या तारुण्याचा आपण लाभ घेतला त्याला म्हातारपणी वाऱ्यावर सोडणे हा न्याय नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते.

या प्रसंगातील क्रम ध्यानात घ्या. घरून जे दिले ते दान होते. खजिन्यातून जे लावून दिले तो हक्क होता. पहिल्यावर उमर (रजि.) यांचे समाधान झाले नाही. आपले मात्र होते.

आता गोखिवरे, वालीव, सातिवली येथील कारखान्यांत तीस-तीस वर्षे यंत्रापुढे उभे राहिलेल्या कामगाराकडे पाहा. कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, 1995 खालील किमान निवृत्तिवेतन सप्टेंबर 2014 मध्ये दरमहा 1,000 रुपये ठरले आणि वर्षे उलटली तरी ते तेवढेच राहिले. केंद्राच्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात केंद्राचा वाटा 2007 पासून 200 रुपयांवर थांबला आहे. केवळ ऐंशीच्या पुढील वृद्धाला 500 मिळतात. राज्याच्या संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजनांची रक्कम 2023 मध्ये दरमहा 1,500 रुपये झाली. परंतु त्यांसाठी सर्वसाधारण लाभार्थ्याच्या कुटुंबाची वार्षिक उत्पन्नमर्यादा 21,000 रुपये आहे. म्हणजे संपूर्ण कुटुंबाची कमाई दिवसाला सुमारे 58 रुपयांहून अधिक असेल, तर शासनाच्या लेखी ते कुटुंब निराधार नाही.

असा नियम माणसाकडून काय करवून घेतो? प्रामाणिक वृद्ध खरे उत्पन्न सांगतो आणि उपाशी राहतो. दुसरा दलालाला पैसे देऊन खोटा दाखला मिळवितो. येथे हजरत उमर (रजि.) यांच्याच काळातील आणखी एक घटना आठवते. बालकाचे दूध सुटल्यावरच त्याला बैतुलमालमधून भत्ता मिळेल, असा नियम होता. एका रात्री गस्तीवर असताना त्यांना एका बालकाचे रडणे सतत ऐकू आले. भत्ता लवकर मिळावा म्हणून आई त्याचे दूध अवेळी तोडत होती. उमर (रजि.) यांनी त्या मातेला दोष दिला नाही. दोष आपल्या नियमाचा आहे हे त्यांनी ओळखले, ते व्याकूळ झाले आणि जन्मापासूनच प्रत्येक बालकाला भत्ता लागू केला. जो नियम गरिबाला खोटे बोलावयास भाग पाडतो, त्याच्या पापात नियम करणाऱ्याचाही वाटा असतो. आणि तो नियम ठाऊक असून गप्प बसणाऱ्याचा?

दिव्यांगांचा प्रश्नही असाच आहे. अब्दुल्लाह बिन उम्मे मक्तूम (रजि.) या अंध सहाबींच्या निमित्ताने सूरह अबसचा आरंभ अवतरला. पुढे ते प्रेषितांचे (सल्ल.) मुअज्जिन झाले आणि प्रेषित (सल्ल.) मदिनेबाहेर असताना त्यांनी नमाजाचे नेतृत्वही केले. उमय्या खलिफा वलीद बिन अब्दुल मलिक यांच्याविषयी इतिहासकार तबरी लिहितात की, त्यांनी कुष्ठरोग्यांना भत्ता दिला आणि अपंगांना सेवक व अंधांना वाटाड्या नेमून दिला. आपल्याकडे दिव्यांग हक्क कायदा 2016 मध्ये झाला. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातील 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावयाचा आहे. 2025 मध्ये दिव्यांगांच्या उपोषणे-आंदोलनांनंतर त्यांचे मासिक अर्थसाहाय्य 1,500 वरून 2,500 रुपये करण्याचा निर्णय झाला. मागितल्याने मिळते, याचा हा ताजा पुरावा आहे.

तीन शंका

कुणी म्हणेल, सब्र करावा. सब्र हा स्वतःवर आलेल्या दुःखासाठी आहे. शेजारणीचे निवृत्तिवेतन अडले असता आपण गप्प बसणे याला सब्र म्हणत नाहीत. तिच्या वाट्याचा सब्र आपण करू शकत नाही.

कुणी म्हणेल, हे राज्य काही खिलाफत नव्हे. येथे ही उदाहरणे कशी लागू होतील? त्यांनी हिल्फुल फुजूल आठवावा. जुबैदहून आलेल्या एका व्यापाऱ्याचे पैसे मक्केच्या एका सरदाराने बुडविले, तेव्हा अब्दुल्लाह बिन जुदआन यांच्या घरी काही लोकांनी पीडिताच्या पाठीशी उभे राहण्याचा करार केला. प्रेषित (सल्ल.) त्यात सामील होते. ही घटना प्रेषितत्वापूर्वीची आहे. तरी तशा करारासाठी आजही बोलावले तर आपण जाऊ, असे त्यांनी नंतर सांगितले. न्यायासाठी इतरांसह उभे राहण्यास याहून मोठा आधार कोणता हवा?

कुणी म्हणेल, आपण थोडे आहोत. परंतु हा प्रश्न एकट्या आपला नाही. तहसील कार्यालयात हयातीचा दाखला घेऊन उभ्या असलेल्या रांगेत वारली म्हातारी असते, वसई गावची ख्रिस्ती विधवा असते, कोळी आणि आगरी वृद्ध असतात. सोपाऱ्यात 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. वृद्धांची भेट घेऊन त्यांना द्रव्यसाहाय्य करणे हे राजाच्या कामांत त्या लेखात मोडते. वृद्धांचा राज्यावरील हक्क या मातीला सव्वादोन हजार वर्षांपासून ठाऊक आहे.

काय करावे?

माहितीचा अधिकार 10 रुपयांत वापरता येतो, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तो विनाशुल्क आहे आणि उत्तर 30 दिवसांत द्यावे लागते. आपल्या महापालिकेने दिव्यांगांचा 5 टक्के निधी गेल्या वर्षी कशावर खर्च केला, हा एक प्रश्न पुरेसा आहे. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्यामुळे अधिसूचित दाखल्यास मुदत आहे, विलंब झाल्यास अपील आहे आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास दंडही आहे. महापालिकेत दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो. मशिदीत एक सुशिक्षित तरुण आठवड्यातून दोन तास अर्ज लिहून देण्यासाठी बसला, तर ती मोठी सेवा होईल.

मात्र जाब विचारणाऱ्याने स्वतःचाही हिशेब द्यावा. जकातवसुलीवर पाठविलेल्या एका माणसाने मिळालेल्या भेटी स्वतःकडे ठेवल्या, तेव्हा प्रेषितांनी (सल्ल.) त्याला खडसावले की, घरी बसला असतास तर त्या तुला मिळाल्या असत्या काय? दाखल्यासाठी ‘चहापाणी’ घेणाऱ्याला हा प्रश्न आहे, तसा ते देणाऱ्यालाही आहे. आपल्या मशिदीच्या, मदरशाच्या, बैतुलमालच्या जमाखर्चाचा कागद फलकावर लागतो काय? तो लागत नसेल, तर महापालिकेच्या जमाखर्चाबद्दल आपला आवाज दुबळाच राहील.

वाचकहो, पुढच्या जुमाला ते गृहस्थ पुन्हा दाराशी उभे असतील. त्यांना अवश्य द्या. डायलिसिस अपिलाची वाट पाहत नाही. परंतु दिल्यावर त्यांच्याजवळ थांबा आणि विचारा: अर्ज केला होता काय, कुठे अडला, कुणी परत पाठविले? आणि सोमवारी त्यांच्याबरोबर जा. अल्लाहच्या दरबारी आपण काय दिले हे जसे विचारले जाईल, तसे कुणाचा हक्क बुडताना आपण काय पाहत बसलो हेही विचारले जाईल.

अल्लाह आपणास देण्याचे औदार्य आणि विचारण्याचे धैर्य, दोन्ही देवो. आमीन.