वे-बिल

कोरेगावात एक निवृत्त एसटी कंडक्टर राहत होते. नोकरीची 34 वर्षे बहुतेक सातारा–दहिवडी आणि सातारा–म्हसवड या गाड्यांवर गेली. खाकी उतरली तरी सवयी उतरल्या नाहीत. सुटे पैसे वेगळ्या खिशात, नोटांची तोंडे एका बाजूला, आणि रात्री झोपण्यापूर्वी दिवसाचा हिशेब वहीत. चहाचे 10 रुपयेसुद्धा.

बायको गेली त्याच्या दुसऱ्या वर्षी त्यांनी फंडाच्या पैशांतून 2 लाख रुपये काढले आणि साताऱ्याच्या एका कॉलेजात तिच्या नावाने ठेव ठेवली. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजातून दरवर्षी दोन गरजू मुलांना मदत द्यायची, एवढीच अट. सात टक्के व्याज मिळाले तर वर्षाला 14,000, म्हणजे एकेका मुलाला 7,000. बँकेने व्याज कमी केले की मुलांचे पैसेही कमी. अशा ठेवी गावोगावच्या कॉलेजांत शेकड्यांनी असतात. ऑफिसबाहेरच्या संगमरवरी पाटीवर पांढऱ्यावर काळी नावे असतात, आणि ती वाचायला कोणी थांबत नाही.

बायकोला चौथीतून शाळेबाहेर काढले होते. लिहिण्यापैकी तिला स्वतःचे नाव तेवढे नीट येत असे. बँकेत कोणी सवयीने शाईची गादी पुढे सरकवली की ती चिडायची आणि पेन मागून घ्यायची. ते नाव वर्षातून एकदा तरी कुणाच्या तरी हातून कागदावर उतरावे, म्हणून हा सगळा खटाटोप. कंडक्टरांनी हे कॉलेजात कुणाला सांगितले नव्हते. असल्या गोष्टी अर्जात कुठे लिहिणार?

त्या वर्षी मदत मिळालेल्या दोघांत माण तालुक्यातली एक मुलगी होती. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला, वसतिगृहात राहणारी. फळ्यावर सूचना लागली: शिष्यवृत्तीधारकांनी देणगीदारास आभारपत्र लिहून गुरुवारपर्यंत ऑफिसात जमा करावे. वर्गात सरांनीही विषय काढला. म्हणाले, "1913 साली सयाजीराव महाराजांनी बाबासाहेबांना अमेरिकेला शिकायला पाठवलं. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. त्याला करार होता, परत येऊन दहा वर्षं बडोद्याची नोकरी. तुमच्याकडून कोणी दहा वर्षं मागत नाही. एक पत्र मागतायत. तेवढं तरी धड लिहा."

धड लिहिणे म्हणजे काय, ते सरांनी सांगितले नाही. गेटसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात मात्र ते तयार मिळत होते. नमुना पत्र, दोन रुपये. कोणा जुन्या विद्यार्थ्याने लिहिलेले आणि झेरॉक्सची झेरॉक्स होत होत अक्षरांच्या कडा गेलेले. "आदरणीय दानशूर महोदय, आपण माझ्यासाठी साक्षात परमेश्वर आहात. आपल्या उपकारांची फेड या जन्मी होणे नाही..."

मुलीला दोष देण्यात अर्थ नाही. आपल्याकडे घरात कोणी कोणाचे आभार मानत नाही. शेजारणीने विरजण दिले तर आपण 'धन्यवाद' म्हणत नाही, दुसऱ्या दिवशी त्याच वाटीतून कढी पाठवतो. आणि धन्यवाद म्हटलेच, तर शेजारीण म्हणेल, बाई रागावली वाटतं. त्यामुळे ज्याला कढी पाठवता येत नाही अशा माणसाला कागदावर काय म्हणायचे, हे आपल्याला कोणी शिकवलेलेच नसते. मग आपण सत्काराच्या भाषणांतले शब्द उसने आणतो. मीही आणलेले आहेत.

मुलीचे अक्षर मोत्यासारखे. तिने बुधवारी रात्री नमुना उतरवून काढला आणि गुरुवारी देऊन टाकला.

आठवड्याने दोन्ही पत्रे कोरेगावला पोचली. कंडक्टर दुपारी जेवण झाल्यावर बायकोच्या फोटोखाली खुर्ची घेऊन बसले आणि त्यांनी आधी मुलाचे पत्र मोठ्याने वाचले. मग मुलीचे. दुसऱ्या ओळीला त्यांच्या लक्षात आले की हे आताच वाचून झाले आहे. तरी ते नेटाने पुढे गेले. मुलीने लिहिले होते, "मी या महाविद्यालयात शिकतो." त्याखाली, "आपण कै. .................... यांच्या स्मरणार्थ दिलेल्या मदतीमुळे..."

टिंबे होती. नमुन्यात टिंबे होती, म्हणून तिने टिंबे काढली होती. तीही एका ओळीत, सारख्या अंतरावर.

कंडक्टर बराच वेळ गप्प बसले. परमेश्वर म्हटल्याचाही त्यांना राग आला होता. पुसेगावच्या यात्रेत सेवागिरी महाराजांच्या रथाला लोक नोटांच्या माळा चढवतात, इतक्या की रथ दिसत नाही. त्यांनीही दरवर्षी आपली नोट लावली होती, आणि तिचे पुढे काय झाले हे कधी विचारले नव्हते. ती देवाची झाली. पण हे 7,000 त्यांनी देवाला दिले नव्हते, आणि देव म्हणून घ्यायलाही दिले नव्हते. आयुष्यभर दुसऱ्याचे पैसे मोजून घेतले आणि मोजून भरले, त्या माणसाला पैसा कुठे गेला ते कळायला नको?

त्यांनी मुलीचे पत्र पुन्हा पाकिटात घातले. सोबत एक चिठ्ठी लिहिली: "बाळ, हे पत्र चुकून माझ्याकडे आले. कोण्या मुलाचे दिसते. तुझे पाठव." आणि ट्रंकेतून निवृत्तीच्या दिवशीच्या वे-बिलाची झेरॉक्स काढून तीही आत सरकवली. मूळ कागद डेपोत जमा झाला होता, पण त्या दिवशी कॅशियरच्या हातापाया पडून त्यांनी एक प्रत काढून घेतली होती.

पाकीट उघडल्यावर मुलीचे कान लाल झाले. 'शिकतो' दिसले. टिंबे दिसली. पण तो आकड्यांनी भरलेला, रकान्यांचा पुसट कागद काय आहे, ते तिला कळेना. ऑफिसातल्या बाईंनी चष्म्यावरून पाहिले आणि म्हणाल्या, "एसटीचं काहीतरी आहे. स्टॅण्डवर जाऊन विचार."

सातारा स्टॅण्डवर दहिवडीची गाडी लागायला वेळ होता. तिचा कंडक्टर, निवृत्तीला आलेला माणूस, रसवंतीच्या बाकावर बसला होता. मुलीने कागद दाखवला तशी त्याने हात पँटला पुसून तो घेतला.

"वे-बिल हाय हे. आता मशीन आलं, नायतर आमच्या वेळी पत्र्याचा ट्रे असायचा. एकेका दराच्या तिकिटांचे गठ्ठे, आन् हातात पंच." त्याने बोट एका रकान्यावर ठेवले. "हे बघ. टप्पा आला की प्रत्येक गठ्ठ्याचं वरचं नंबर इथं लिहायचं. मागच्या टप्प्याचं नंबर वजा केलं की कळतं, मधे किती तिकिटं फाटली. मधेच तपासणीस चढला तर पहिलं हेच मागणार. रात्री डेपोत ह्याच्यापरमानं पैसं भरायचं. कमी पडलं तर आपल्या खिशातनं."

"पण हे मला का पाठवलं असेल?"

तिने सगळे सांगितले. पत्राचे, टिंबांचेही. कंडक्टरने कागद उलटून पाहिला, पुन्हा सुलटा केला.

"पोरी, ह्यात सांग बरं, 'साहेब तुम्ही लई थोर' असं लिवायला रकाना कुठाय?"

ती हसली नाही.

"पैसा दुसऱ्याचा असला की त्याला येवढंच सांगायचं. कुठं बसला, कुठं उतरला, किती झालं. मालकाला तेवढ्यानं झोप लागती."

गाडीचा भोंगा वाजला. रसाचे पैसे द्यायला त्याने खिशात हात घातला, पण तिने आधीच दोन्ही ग्लासांचे देऊन टाकले होते.

त्या रात्री तिने वहीतला जोडकागद फाडला. वर 'दानशूर' लिहिले नाही, 'काका' लिहिले. मग काकूंचे नाव पूर्ण लिहिले, आणि ते पाटीवर बरोबर आहे ना, हे पाहायला ती संध्याकाळीच ऑफिसबाहेर जाऊन आली होती, असेही लिहिले. दोन वर्षे त्या पाटीखाली बसून मी डबा खाल्ला, मान वर करून पाहिले नव्हते, हेही. त्याखाली रकाने आखले.

मेस, दोन महिने: 3,600. परीक्षा फी: 1,240. जुनी पुस्तके, तीन: 480. प्रयोगशाळेचा एप्रन: 350. जर्नल: 160.

इथे ती थांबली. खोलीतली मैत्रीण म्हणाली, पुढचं नको लिहूस, पुस्तकांतच मिळवून टाक. कोण बघतंय? पण वे-बिल टेबलावर उघडे होते. तिने लिहिले: चप्पल, 250. घरी पाठवले, म्हशीच्या चाऱ्याला, 900. आणि त्यापुढे, रकान्यात मावेना म्हणून बारीक अक्षरात: "पाऊस नव्हता. म्हैस विकली असती तर मला परत बोलावलं असतं. म्हणून हेही शिक्षणाच्याच खर्चात धरलं. चुकलं असेल तर सांगा."

खाली रेघ मारून तिने लिहिले, एकूण 7,000. सही केली. मजकूर दीड पानही भरला नाही.

कोरेगावला ते पत्र फोटोखाली दोनदा वाचले गेले. बायकोच्या नावाशी कंडक्टर थांबले आणि तेवढी ओळ तिसऱ्यांदा वाचली. म्हशीपाशी त्यांनी मान हलवली. ते स्वतः खटावचे, चाऱ्याच्या पेंढीचा भाव त्यांना कोणी सांगायला नको होता. मग त्यांनी पेन्सिल घेतली. 34 वर्षांची सवय. वरून खाली बेरीज केली, खालून वर केली.

6,980.

चार दिवसांनी मुलीला आणखी एक पाकीट आले. आत चिठ्ठी नव्हती. एसटीचे एक जुने, पंच केलेले, पिवळे पडलेले तिकीट होते. तिने ते उलटले. मागे पेन्सिलीने 20 लिहून भोवती गोल केला होता. एसटीने हिंडलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. सुटे नसले की कंडक्टर बाकी तिकिटामागे लिहून देतो, उतरताना मागून घ्यायची.

मुलगी वही घेऊन बसली. दोनदा बेरीज केल्यावर तिलाही 20 कमी आले. उशीखालचे पाकीट पाहिले, तिथे काही शिल्लक नव्हते. साबण? तो घरून आणला होता. झोपताना घुंगरांचा आवाज आठवला आणि ती उठून बसली.

सकाळी तिने पोस्टकार्ड टाकले: "काका, 20 चा हिशेब लागला. उसाचा रस, दोन ग्लास, सातारा स्टॅण्ड. एक मी प्यायले आणि एक दहिवडी गाडीच्या कंडक्टरकाकांनी. वे-बिल कसं वाचायचं ते त्यांनी शिकवलं."

पोस्टकार्ड वाचून कंडक्टर फोटोकडे बघून हसले. वहीत त्या दिवसाच्या पानावर 20 लिहून ठेवले होते, गोल करून. त्यांनी पेन्सिल उचलली आणि त्यावर आडवी रेघ मारली.