अक्षराची झीज

शीर्षके, भित्तिपत्रके आणि वेष्टने यांसाठी मोठ्या आकारात वापरल्या जाणाऱ्या अक्षरसंचाला शीर्षक-टंक म्हणता येईल; त्याच्या कडा मुद्दाम खरबरीत ठेवून, मधली शाई उडालेली दाखवून, तो हाताने घडवलेला आणि वापराने जुना झालेला भासवला की त्याचा झिजवलेला टंक होतो. रोमन लिपीत असे टंक विपुल आहेत, परंतु ती रीत देवनागरीत जशीच्या तशी उचलली तर अक्षराच्या रूपाबरोबर अर्थही बिघडतो. शिरोरेषेच्या वर पडलेला डाग अनुस्वार होऊन बसतो आणि ‘वश’चा ‘वंश’ होतो, तर उडालेल्या ठिपक्यामुळे ‘रंग’चा ‘रग’ उरतो. अंकांचेही तसेच आहे: ग्वाल्हेर किल्ल्यावरील चतुर्भुज मंदिराच्या इ. स. 876 च्या शिलालेखात 270 या संख्येतील शून्य एका लहानशा वर्तुळाने कोरलेले आहे. एवढ्याशा खुणेवर जिथे संख्या तोलली जाते, तिथे तेवढ्याच आकाराचे खड्डे सजावट म्हणून विखुरणे घातक ठरते.

खऱ्या झिजेला कारण असते. दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून वाढलेल्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, दौलतगंजसारख्या जुन्या पेठेत, पत्र्याच्या रंगवलेल्या पाटीचा रंग कडांशी आणि ठोकलेल्या भोकांशी गंजामुळे आधी सुटतो. शिशाच्या खिळ्यांच्या छपाईत बाहेर झुकलेली मात्रा आधी तुटते. संगणकीय टंकात मात्र प्रत्येक ‘क’वर तोच ओरखडा तिथेच उमटतो, आणि एका ओळीत तीन ‘क’ आले की बनाव उघडा पडतो. एकाच अक्षराच्या अनेक आकृती टंकात भरून त्या आळीपाळीने येतील अशी योजना करणे हा यावरचा उपाय आहे. तो कष्टाचा असला, तरी टाळण्यासारखा नाही.

मुळात हातपणा झिजेत नसून फटकाऱ्यात असतो. मुंबईच्या लोकल रेल्वेच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून स्फुरलेला ‘यात्रा वन’ हा टंक एकही ओरखडा न दाखवता हाताची आठवण देतो; कमल शेडगे यांनी मराठी नाटकांची शीर्षके त्या त्या नाटकाच्या प्रकृतीनुसार रेखाटली, आणि त्यांचा जिवंतपणा रेषेच्या वळणातूनच आला. म्हणून जुन्या पेठांतील रंगवलेल्या पाट्या फ्लेक्सच्या फलकांखाली जाण्यापूर्वी टंककारांनी त्यांची छायाचित्रे व मापे घेऊन ठेवावीत.