शांती करणाऱ्यांचे घर

शास्त्रपाठ : मत्तय 5:9, 23-24



आमच्या अहिल्यानगर शहरात रणगाड्यांचे संग्रहालय आहे. ते 1994 साली उघडले. मंडळीतील मुले ते मोठ्या हौसेने पाहावयास जातात, व आम्हीही गेलो आहो. परंतु शांतीसाठी झटलेल्या मनुष्याची आठवण जेथे जतन केली आहे, असे घर आम्ही यंदा प्रथमच पाहिले. ते मुंबईतील गावदेवी येथील मणिभवन होय. 1917 पासून 1934 पर्यंत महात्मा गांधी मुंबईस आले म्हणजे येथे उतरत. 1932 च्या जानेवारीत त्यांस येथूनच पकडून नेले. त्यांची खोली पाहिली, तर तीत बैठक व चरखे यांवाचून विशेष काही नाही. 1939 साली युद्ध टाळावे म्हणून त्यांनी हिटलरास लिहिलेल्या पत्राची प्रतही या घरात आहे.

1959 साली अमेरिकेतील एक काळे पाळक, मार्टिन ल्यूथर किंग, आपल्या पत्नीसह या घरी राहिले. त्यांच्या स्वतःच्या घरावर 1956 साली बाँब टाकण्यात आला होता. पत्नी व तान्हे लेकरू आत होते. लोक हत्यारे घेऊन धावून आले, तेव्हा या पाळकाने दारात उभे राहून त्यांस परत घरी पाठविले. पुढे 1964 साली त्यांस नोबेल शांतता पारितोषिक मिळाले, व त्याचे द्रव्य त्यांनी आपल्या लोकांच्या चळवळीस दिले. गांधीजींचे नाव या पारितोषिकासाठी पाच वेळा सुचविले गेले, तरी ते त्यांस कधीच मिळाले नाही. म्हणून त्यांचे काम थांबले काय?

हे पारितोषिक ठेवणारे आल्फ्रेड नोबेल यांनी 1867 साली डायनामाइटचा हक्क नोंदविला. आपल्या भागात खडक फोडून विहीर खणणाऱ्यास सुरुंग ठाऊक आहे. एकाच दारूने विहिरीस पाणी लागते, व तिनेच शेजाऱ्याची भिंतही पडते. आपल्या जिभेचेही असेच नव्हे काय?

आता आमचा दोष आम्ही सांगतो. आमच्या मंडळीत दोघे सख्खे भाऊ विहिरीच्या पाळीवरून दोन वर्षे एकमेकांशी बोलत नव्हते. प्रभुभोजनास दोघेही येत, एक उजवीकडे बसे व दुसरा डावीकडे. भाकर आम्हीच दोघांस देत होतो. धाकटा एकदा आम्हास म्हणाला, “पाळकसाहेब, दादाला तुम्ही सांगून पाहा.” थोरला रागीट, व मंडळीच्या पंचांत त्याचे वजन, म्हणून आम्ही “प्रार्थना करू” असे म्हणून वेळ मारून नेली. अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट करावयास जावे, हा धडा आम्ही कितीदा शिकविला असेल! मणिभवनाच्या जिन्यावरून उतरताना त्या धड्याने आम्हासच दोषी ठरविले.

परत आल्यावर पहिल्याच संध्याकाळी आम्ही थोरल्याकडे गेलो. प्रथम आमच्या भित्रेपणाची क्षमा मागितली. तो पुष्कळ वेळ गप्प होता. मग म्हणाला, “त्याला म्हणावे, सोमवारची पाळी त्याने घ्यावी.” एवढेच झाले. दोघे अद्यापि एका ताटात जेवत नाहीत. परंतु सोमवारी पाणी धाकट्याच्या वाफ्यात गेले.

बंधूंनो, ओस्लोचे पारितोषिक आपल्या गावी येणार नाही. परंतु शांती करणाऱ्यांस प्रभूने देवाची लेकरे हे नाव देऊ केले आहे, त्याहून मोठा मान कोणता? शिक्षकहो, सुवार्तिकहो, ज्या दारापुढून तुम्ही मान खाली घालून जाता, तेथे या आठवड्यात थांबा. पुढच्या प्रभुभोजनाच्या आधी जा. प्रभू तुमच्या पायांस बळ देवो. आमेन.