संघाचे ते संघाचेच
(नाचणगाव येथे वर्षावासात दिलेले धम्मप्रवचन)



मागच्या पौर्णिमेला वंदना झाली, खीरदान झाले, मंडळी घरोघरी निघाली. एक वृद्ध आई तेवढ्या मागे थांबल्या. म्हणाल्या, "भन्तेजी, माह्यं दीड एकर वावर विहाराच्या नावानं लिहून ठेवाचं हाय. पण मी मेल्यावर ते विहाराचंच राहीन का?"

त्या दिवशी मी उत्तर दिले नाही. हा प्रश्न एकट्या आईचा नाही. पुलगाव-नाचणगावपासून नागपूरपर्यंत जिथे जिथे विहार आहे, तिथल्या प्रत्येक समितीला तो विचारलेला आहे. म्हणून आज सर्वांसमक्ष बोलतो.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी आम्हाला धम्म दिला. तेव्हा आमच्यातल्या बहुतेकांजवळ द्यायला दोन हातांची मजुरी होती. आज त्यांच्या लेकरांपैकी कोणाजवळ शेत आहे, कोणाजवळ घर, कोणाला पेन्शन. दानत तेव्हाही होती. उणीव आहे ती दान सांभाळण्याची.

तथागतांच्या काळीही हा प्रश्न उठला होता. चुल्लवग्गात एका गावच्या आवासाची हकीकत आहे. येणाऱ्या भिक्षूंसाठी निवासाची सोय करून तिथले भिक्षू कंटाळले. त्यांनी संघाचे सगळे निवास एकाच भिक्षूच्या नावे करून टाकले आणि आलेल्यांना सांगू लागले, इथे संघाचे काही नाही. ही गोष्ट भगवंतांच्या कानावर गेली. त्यांनी त्या भिक्षूंची निर्भर्त्सना केली आणि नियम घालून दिला. आराम व त्याची जागा, विहार व त्याची जागा, मंच-गाद्या, धातूची भांडी व हत्यारे, लाकूड-बांबूसारखे सामान, या पाच वर्गांतल्या वस्तू संघाला, गटाला किंवा एकट्या भिक्षूला कोणाला देऊन टाकता येत नाहीत. दिल्या तरी त्या दिल्या असे होत नाही.

याच ग्रंथात मरणाऱ्या भिक्षुणीचाही विचार आहे. माझ्या पश्चात माझ्या वस्तू संघाच्या होवोत, असे ती म्हणाली, तर त्या भिक्षुणी संघाच्या होतात. भिक्षू संघ त्यांचा मालक नाही. म्हणजे दान नेमके कोणाचे, हे तथागतांनी संदिग्ध ठेवले नाही.

आम्ही मात्र संदिग्ध ठेवतो. एका गावी मृत्युपत्रात विहाराऐवजी अध्यक्षांचे नाव घातले. माणूस भला होता. तो गेला आणि त्याच्या मुलांची नावे सातबाऱ्यावर चढली. दान करणारी बाई गेली, दानही गेले.

तेव्हा आधी आपल्या विहाराची संस्था सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली आहे का, ते पाहा. मृत्युपत्रात संस्थेचे पूर्ण नाव, नोंदणी क्रमांक, शेताचा गट नंबर आणि दानाचा हेतू लिहा. सहीला दोन साक्षीदार लागतात. ते समितीचे पदाधिकारी नसावेत. व्यवस्थापक नेमा. शेतजमीन संस्थेच्या नावे होऊ शकते का, ती वर्ग दोनची तर नाही ना, हे हयातीतच तहसीलात आणि जाणत्या वकिलाला विचारा. मृत्युपत्रानेच नवा न्यास स्थापन होत असेल, तर दात्याच्या मृत्यूपासून सहा महिन्यांच्या आत नोंदणीचा अर्ज करावा लागतो. प्रोबेट मिळाले असल्यास त्यापासून एक महिना, यांपैकी जी मुदत आधी संपेल ती.

समितीच्या लोकांनो, आता तुमच्यासाठी. १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याच्या ३६ व्या कलमाप्रमाणे न्यासाची स्थावर मालमत्ता धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही. शेत दहा वर्षांहून जास्त मुदतीच्या पट्ट्याने द्यायचे, तरी परवानगी हवी. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या विनयाची आणि या कलमाची दिशा एकच आहे.

धीरही लागतो. नागपूरच्या डी. लक्ष्मीनारायण यांनी १९३० साली आपली संपत्ती विज्ञानाच्या उपयुक्त शिक्षणासाठी नागपूर विद्यापीठाला ठेवली. त्यातून लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था उभी राहिली ती १९४२ साली. मध्ये बारा वर्षे गेली, पण पैसा हेतूलाच लागला. दूर होनोलुलूत अनागारिक धम्मपालांच्या साहाय्यकर्त्या मेरी फॉस्टर १९३० साली वारल्या. त्यांनी आपली बाग लोकांसाठी शहराला ठेवली. ती आजही लोकांसाठी खुली आहे आणि तिथे बोधिवृक्ष आहे.

एक सावधगिरी. सिगालोवाद सुत्तात आईबापांच्या कर्तव्यांत मुलांना योग्य वेळी वारसा देणे सांगितले आहे. विधवा सून किंवा टाकलेली लेक उपाशी ठेवून विहाराला शेत देऊ नका. घरच्यांना बसवून सांगा, त्यांचे ऐका, मग लिहा. लपवून केलेल्या दानातून कोर्टकचेरी उगवते.

आई आज समोर बसल्या आहेत. आई, तुमचे वावर विहाराचेच राहील, असे वचन मी एकटा देऊ शकत नाही. मी वर्षावास संपला की निघणार. ते वचन या सभेने द्यायचे आहे. दर वर्षी वैशाख पौर्णिमेला पीक किती झाले, विकले किती, कोणत्या लेकराच्या शिक्षणाला किती गेले, हा हिशेब याच ओट्यावर वाचला जाईल का? तपासनिसाचा अहवाल भिंतीवर लागेल का? "होय" म्हणणार असाल, तरच आईंना सही करू द्या.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम.